डीएनएची चौफुली



परभणीतली ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ भरते ते सर आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. निमंत्रण देताना संयोजकांनी त्यांचीच एक अट माझ्यापुढे ठेवली: विषय कितीही नवा असो, पहिल्या रांगेतल्या शेतकऱ्याला आणि शेवटच्या रांगेतल्या अकरावीच्या मुलीला तो सारखाच कळला पाहिजे. मला ती अट मनापासून मान्य आहे. माझा विषय प्रयोगशाळेत वाढला असला तरी त्याचे कोडे शेतातले आहे. कोणती गोष्ट कोठे ठेवायची आणि तिच्या शेजारी, किती अंतरावर, काय ठेवायचे, हे ते कोडे.

कापसाची चौफुली इथे कोणाला समजावून सांगायला नको. आमच्या मानवतकडच्या काळ्या रानात आधी उभ्या काकऱ्या पडायच्या, मग आडव्या. दोन काकऱ्या एकमेकींना छेदतात तिथे फुली पडते, आणि त्या फुलीवर दोन-तीन सरक्या टोबायच्या. लहानपणी मी सरकीची ओटी धरून आईच्या मागे चालत असे. फुली सोडून दोन बोटे बाजूला सरकी पडली तरी ती मला मागे फिरवायची. पुढे कोळपे उभे-आडवे दोन्ही बाजूंनी चालले पाहिजे, प्रत्येक झाडाला ऊन-वारा मिळाला पाहिजे, हे तिला पक्के ठाऊक होते. बी तेच, रान तेच, पाऊस तोच. तरी फुलीवर टोबलेल्या आणि मुठीने फेकलेल्या सरकीचे पीक सारखे येत नाही.

आज मी ज्या चौफुलीबद्दल बोलणार आहे तिच्या फुल्यांमधले अंतर नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कापसाच्या एका तंतूची जाडी साधारण वीस हजार नॅनोमीटर भरते. डीएनएचा दोर दोन नॅनोमीटर जाडीचा असतो. म्हणजे कापसाच्या एका तंतूच्या रुंदीत डीएनएचे दहा हजार दोर शेजारी-शेजारी मावतील. या दोरांची चौफुली आखायची आणि तिच्या फुल्यांवर प्रथिने टोबायची, हे काम जगातल्या अनेक प्रयोगशाळांत गेली तीस वर्षे चालू आहे.

प्रथिन म्हटले की आपल्याला तूर, हरभरा आणि डॉक्टरांचा सल्ला आठवतो. पण शरीरातले बहुतेक सगळे काम करणारे हात प्रथिनांचेच आहेत. अन्न पचवणारी विकरे प्रथिने, रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन प्रथिन, रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडे प्रथिने, आणि स्नायू आखडवणारी यंत्रेही प्रथिनेच. पेशीत ही मंडळी वाटेल तशी भरकटत नसतात. एका विकराने केलेला माल शेजारच्या विकराच्या हातात पडावा म्हणून कित्येकदा ती खेटून बसलेली असतात. तीच प्रथिने आपण परीक्षानळीत ओतली की ती फेकलेल्या सरकीसारखी विखुरतात. त्यांना पुन्हा जागेवर बसवायचे तर बांधकामावर गवंडी उभारतात तशी परांची हवी. ती परांची डीएनएची का करायची, हा पहिला प्रश्न.

डीएनए म्हणजे आनुवंशिकतेची पोथी, एवढे शाळेत शिकवले जाते, आणि ते बरोबर आहे. पण क्षणभर त्या पोथीतला मजकूर विसरून नुसत्या दोराकडे पाहा. दोराला चारच अक्षरे: ए, टी, जी, सी. ए ची जोडी टी शी, जी ची सी शी. एका पदरावरचा मजकूर ठाऊक असला की त्याला कोणता पदर बिलगणार हे कागदावरच सांगता येते. शेजारच्या दोन अक्षरांतले अंतर ०.३४ नॅनोमीटर, आणि साधारण साडेदहा अक्षरांनंतर दोराचा एक पीळ पूर्ण होतो. साठ-सत्तर अक्षरांपर्यंतचा दुपदरी तुकडा तर काठीसारखा ताठ राहतो. मापे इतकी ठरलेली असणारा दुसरा दोर निसर्गात क्वचितच सापडेल. प्रथिनांचे तसे नाही. त्यांना वीस अक्षरे, आणि साखळी कशी दुमडेल याचे नियम इतके गुंतागुंतीचे की ते उलगडणाऱ्यांना २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणून वाटणी अशी पडली: आखणी डीएनएने करायची, काम प्रथिनांनी करायचे.

ही वाटणी प्रथम ज्यांना सुचली त्या नेड सीमन यांच्याबद्दल थोडे सविस्तर बोलते, कारण त्यांची अडचण फार साधी होती. ते स्फटिकशास्त्रज्ञ होते. प्रथिनाचा आकार क्ष-किरणांनी पाहायचा तर आधी त्याचा स्फटिक हवा, म्हणजे कोट्यवधी रेणू कवायतीतल्या शिपायांसारखे एकाच तऱ्हेने उभे हवेत. प्रथिने तशी सहजी उभी राहत नाहीत. महिनोन्‌महिने द्रावणे बदलत बसायचे आणि स्फटिक धरला तर धरला. सीमन या अनिश्चिततेला कंटाळले होते. १९८० सालच्या पानगळीत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी येथे, विद्यापीठाच्या आवारातल्या पबमध्ये बसलेले असताना त्यांना एम. सी. एशर या डच चित्रकाराचे एक काष्ठमुद्राचित्र आठवले. त्या चित्रात मासे तिन्ही दिशांना ओळी धरून पोहतात, आणि प्रत्येक माशाला सहा बाजू आहेत: डोके, शेपूट, दोन कुशींचे पर, पाठ आणि पोट. सीमन यांच्या मनात आले, मासा म्हणजे डीएनएचा सहा फाट्यांचा सांधा धरला तर? असे सांधे एकमेकांना जोडत गेलो तर जाळे तयार होईल, आणि त्या जाळ्याच्या खोल्यांत प्रथिने टांगता येतील. स्फटिकाची वाट पाहायला नको, स्फटिक आपणच विणू.

पण सांधा टिकायला हवा. पेशीत जनुकांची अदलाबदल होताना डीएनएचा चार फाट्यांचा सांधा क्षणभर तयार होतो. रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ साली तो सुचवला होता. तो सांधा जागेवर थांबत नाही, सरकत राहतो, कारण दोन्ही अंगांच्या दोरांवर तीच अक्षरे असतात आणि सुटलेल्या पदराला पुढे तसाच जोडीदार मिळत जातो. सीमन यांनी चारही फाट्यांवर वेगवेगळी अक्षरे लिहिली. सरकायला गेले तर जोडी जमत नाही, म्हणून फुली जागेवर खिळून राहते. १९८२ साली हा विचार त्यांनी छापला. माझ्या मते या सगळ्या शास्त्राचा पाया त्या न सरकणाऱ्या फुलीतच आहे. पुढचे सारे मजले तिच्यावर उभे राहिले. १९९१ साली जुंगहुएई चेन आणि सीमन यांनी डीएनएचा घन केला, २००९ साली त्यांच्या गटाने ठरवून आखलेला त्रिमित डीएनए-स्फटिक सिद्ध केला. त्या स्फटिकाच्या खोल्यांत हवे ते प्रथिन टांगण्याचे मूळ स्वप्न मात्र सर्रास वापरात आलेले त्यांना पाहायला मिळाले नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात सीमन गेले.

दुसरी मोठी झेप गोधडीसारखी आहे. आपल्याकडे एखादे जुने नऊवारी घडी-घडी घालून पसरतात आणि आखूड दोऱ्याच्या टाक्यांनी घड्या जागेवर धरतात. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत पॉल रोथेमुंड यांनी डीएनएचे तेच केले. एक लांब एकपदरी धागा घेतला, ७,२४९ अक्षरांचा. दोनशेहून जास्त आखूड धागे तयार करवून घेतले. प्रत्येक आखूड धाग्याचे एक टोक लांब धाग्याच्या एका भागाशी जुळणारे, दुसरे टोक दूरच्या भागाशी. सगळे एका नळीत, मॅग्नेशियमच्या पाण्यात, नव्वद अंशांच्या वर तापवले आणि हळूहळू निवू दिले. मॅग्नेशियम लागतेच, कारण डीएनएचे दोर ऋणभारित असतात आणि त्याच्याशिवाय ते एकमेकांना दूर लोटतात. निवता-निवता टाके आपापल्या जागा शोधतात आणि लांब धाग्याची घडी पडते. रोथेमुंड यांनी चौकोन, तारा आणि हसरा चेहरा घडवून दाखवला, प्रत्येक सुमारे शंभर नॅनोमीटरचा, आणि एका थेंबात अब्जावधी. कागदाच्या जपानी घडीकामावरून या तंत्राला डीएनए ओरिगामी हे नाव पडले. आपल्या माणसांना मी ते गोधडी म्हणूनच सांगते. या गोधडीत प्रत्येक टाका दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो, म्हणून प्रत्येक टाका हा एक पत्ता होतो. हव्या त्या टाक्याचे टोक थोडे लांब सोडा, त्या टोकाशी जुळणारा धागा प्रथिनाला बांधा, आणि प्रथिन नेमके त्याच पत्त्यावर जाऊन बसते.

तो ७,२४९ अक्षरांचा लांब धागा आणला कोठून? एका विषाणूकडून. एम-१३ नावाचा हा विषाणू जीवाणूंवर जगतो आणि त्याचा सारा वंश एकपदरी डीएनएच्या एका कड्यात लिहिलेला असतो. इथे मला परभणीची वाट धरलीच पाहिजे. एकपदरी डीएनएचे असेच एक कडे या जिल्ह्याच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे आणि त्याने आपल्या पुष्कळ बायांचे भेंडीचे वाफे पिवळे केले आहेत.

भेंडीवरचा हळद्या तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, हिरवी जाळी उरते, मग पूर्ण पान आणि शेवटी फळही पिवळे. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या अशा रोगांविषयी जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या मासिकात लिहिले, आणि भेंडीच्या या रोगाची पहिली नोंद म्हणून आजही जगभरचे शोधनिबंध त्यांचेच नाव घेतात. या विषाणूचे कडे जेमतेम २,७०० अक्षरांचे. त्याच्या जोडीला सुमारे १,३०० अक्षरांचे आणखी एक छोटे उपकडे असते, आणि ते सोबत असल्याशिवाय हळद्याची खरी लक्षणे उमटत नाहीत, हे २००३ साली मदुराईच्या संशोधकांनी दाखवले. विषाणूच्या या कुळाचे कवच फार देखणे असते: जुळ्या शेंगदाण्यांसारखे दोन गोल एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांच्यावर एकाच प्रथिनाच्या ११० प्रती, प्रत्येक आपापल्या जागी. डीएनए आत, मोजून बसवलेली प्रथिने बाहेर. आम्ही प्रयोगशाळेत ज्यासाठी रात्री जागवतो ती गोष्ट पांढऱ्या माशीच्या पोटातून रोज प्रवास करते आहे.

या रोगाला परभणीने उत्तर दिले, हे सांगताना मला अभिमान वाटतो. पुसा सावनी हे वाण आधी हळद्याला दाद देत नसे, पुढे तेही बळी पडू लागले. तेव्हा इथल्याच मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका दूरच्या नातलगाशी, मॅनिहॉट या जातीशी, घडवून आणला आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत 'परभणी क्रांती' हे वाण उभे केले. १९८६ साली ते अमेरिकेतल्या उद्यानविद्येच्या नियतकालिकात छापून आले. परदेशातल्या एखाद्या परिषदेत माझ्या गावाचे नाव घेतले आणि समोरच्याने 'म्हणजे भेंडीचे परभणी का?' असे विचारले, असे माझ्याबाबत दोनदा घडले आहे. पुढे विषाणूही बदलला आणि अनेक भागांत या वाणाची ढाल पातळ झाली. ही लढाई एकदा जिंकून संपणारी नाही, आणि त्या दोघांच्या कामाची उंची त्यामुळे कमी होत नाही.

आता परत गोधडीकडे. प्रथिनाला धागा बांधायचा कसा? सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत भरवशाची गाठ बायोटिनची. बायोटिन म्हणजे बी-७ हे जीवनसत्त्व. मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूचे स्ट्रेप्टअॅव्हिडिन नावाचे प्रथिन बायोटिनला इतके घट्ट धरते की दोन रेणूंमधल्या अशा पकडींत तिच्या तोडीची पकड क्वचितच सापडते. त्या प्रथिनाला चार खाचा असतात, चार बाजूंना चार बायोटिन अडकवता येतात. १९९४ साली क्रिस्टोफ नीमायर, ताकेशी सानो, कॅसांड्रा स्मिथ आणि चार्ल्स कँटर यांनी स्ट्रेप्टअॅव्हिडिनलाच डीएनएचा आखूड धागा जोडला, आणि त्या धाग्याच्या पत्त्यावरून वेगवेगळी प्रथिने ओळीने लावून दाखवली. डीएनएने प्रथिनांची मांडणी करायची, या कामाची खरी सुरुवात मी तिथून धरते. २००३ साली ड्यूक विद्यापीठात हाओ यान आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या फुल्या जोडून पूर्ण चौफुली विणली आणि एकेका फुलीवर स्ट्रेप्टअॅव्हिडिन बसवले. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी आईच्या मागे जिथून चालत असे ती काळी वावरेच मला दिसली: उभ्या ओळी, आडव्या ओळी, आणि फुलीफुलीवर एक उजळ ठिपका.

ऐकायला सोपे वाटते, पण खरी मेहनत गाठीत आहे. प्रथिनाच्या अंगावर धागा चिकटू शकेल अशा जागा पुष्कळ असतात. घाईने बांधले तर धागा कुठेही चिकटतो. मग विकर परांचीवर पोचते पण भिंतीकडे तोंड करून बसते, आणि ज्या खाचेत काम व्हायचे तीच झाकली जाते. म्हणून प्रथिनाचे जनुक बदलून नेमक्या एका जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल ठेवतात, त्यातल्या गंधकाला धागा जोडतात. किंवा हिस्टिडिनची शेपटी लावून ती निकेलच्या साहाय्याने धरतात. किंवा प्रथिनाला एक लहान जोडप्रथिन चिकटवतात, जे स्वतःच धागा पकडून घेते. शिवाय क्रम सांभाळावा लागतो. परांची उकळत्या पाण्याच्या जवळ जाऊन तयार होते. त्या तापमानाला प्रथिन अंड्याच्या पांढऱ्यासारखे गोठून जाईल. आधी परांची, ती पूर्ण निवल्यावर प्रथिने, मग जास्तीचे धुऊन काढणे, आणि अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजणे. शंभर परांच्यांतल्या किती जागा खरोखर भरल्या, हे प्रामाणिकपणे मोजणारा विद्यार्थी मला चमकदार चित्र दाखवणाऱ्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

प्रामाणिकपणाचा विषय निघाला आहे तर एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. रक्तातली किंवा लघवीतली साखर रंगावरून सांगणाऱ्या पट्ट्यांत दोन विकरांची जोडी वापरतात. ग्लुकोज ऑक्सिडेज साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड करते, आणि दुसरे पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडपासून रंग आणते. ही जोडी डीएनएवर शेजारी बसवली तर काम वेगाने होईल, असे २००९ साली जेरुसलेमच्या इटामार विलनर यांच्या गटाने दाखवले. २०१२ साली हाओ यान यांच्या गटाने, आता ॲरिझोनात, ओरिगामीवर दोन विकरांतले अंतर बदलत मोजमाप केले. दहा नॅनोमीटरवर वेग सर्वाधिक, अंतर वाढले की उतरता. सगळ्यांनी अर्थ लावला, की माल हातातल्या हातात पोचतो म्हणून वेग वाढला. पुस्तकात घालावे असे सुंदर स्पष्टीकरण. मग २०१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या हेन्री हेस यांच्या गटाने हिशोब मांडला: पेरॉक्साइडचा रेणू इतका झपाट्याने पसरतो की शेजारी असण्याचा या जोडीला फारसा फायदा होऊच शकत नाही. वेग वाढला तो ऋणभारित डीएनएच्या अगदी जवळचे पाणी थोडे आम्लधर्मी असते म्हणून, आणि ते आम्ल दुसऱ्या विकराला मानवते. म्हणजे झाड जोमाने वाढले ते ओळीतल्या अंतरामुळे नव्हे, बांधाजवळच्या मातीमुळे. हा वाद वाचताना मला फार समाधान वाटते. चूक काढणाऱ्याला कोणी शत्रू मानले नाही, आणि आता परांचीवरच्या विकरांचा प्रत्येक चांगला प्रयोग आधी मातीची तपासणी करतो.

अंतराचे महत्त्व जिथे निःसंशय ठरले ते क्षेत्र लसींचे. आपल्या जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पहिल्या चोवीस तासांत कावीळ-ब ची लस टोचतात. त्या लसीत विषाणू नसतो, त्याच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन असते, आणि ते स्वतःच सुमारे २२ नॅनोमीटरचे गोळे बांधते. सुट्या प्रथिनापेक्षा असा गोळा रोगप्रतिकारशक्तीला जास्त जागे करतो, कारण प्रतिपिंडे करणाऱ्या पेशीला एकाच वेळी अनेक ठिकाणी पकड मिळते. मग प्रश्न येतो: नेमकी किती प्रथिने, किती अंतरावर? विषाणूच्या गोळ्यावर हे अंतर आपल्या हाती नसते. डीएनएच्या परांचीवर ते आपल्या हाती असते. २०२० साली अमेरिकेच्या एमआयटी संस्थेतल्या मार्क बाथ आणि डॅरेल अर्विन यांच्या गटांनी वीस त्रिकोणी बाजूंचा सुमारे ४० नॅनोमीटरचा डीएनए-गोळा घेतला, त्यावर एचआयव्हीच्या लसीसाठी घडवलेले प्रथिन निरनिराळ्या संख्येने आणि अंतराने बसवले, आणि पेशींनाच विचारले. उत्तर आले: पाच प्रथिनेही पुरतात, आणि त्यांच्यातले अंतर २५ ते ३० नॅनोमीटरपर्यंत वाढवले की पेशी सर्वाधिक जाग्या होतात. दाटीवाटी करून उपयोग नाही. आमच्या आईने हे उत्तर ऐकून मान डोलावली असती. २०२४ साली याच मार्गाने कोरोना विषाणूच्या प्रथिनाचा प्रयोग उंदरांत झाला, आणि एक महत्त्वाची गोष्ट कळली: प्रतिपिंडे प्रथिनाविरुद्ध तयार झाली, डीएनएच्या परांचीविरुद्ध नाही. शरीर परांचीशी भांडत बसत नाही.

अशीच आणखी कामे आहेत. मी त्यांचा ओझरता उल्लेख करते. २०१२ साली हार्वर्डमध्ये पेशीतली चालणारी प्रथिने, कायनेसिन आणि डायनिन, डीएनएच्या एका गाड्याला जुंपून त्यांची रस्सीखेच मोजली गेली. किती बैल जुंपले तर गाडा कोणीकडे जातो, असा तो प्रयोग. त्याच वर्षी शॉन डग्लस आणि सहकाऱ्यांनी डीएनएचे एक पिंप केले, आत प्रतिपिंडांचे तुकडे ठेवले, आणि ओळखीची पेशी भेटली तरच उघडेल असे कुलूप लावले. २०१८ साली चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन हे प्रथिन डीएनएच्या नळकांड्यात लपवून उंदरांतल्या कर्करोगाच्या गाठीपर्यंत नेले आणि गाठीचा रक्तपुरवठा तोडला.

आपल्या देशात या कामाचे नाव घ्यायचे तर बंगळूरुच्या एनसीबीएस संस्थेत ज्यांचे काम उभे राहिले आणि ज्या आता शिकागोत आहेत, त्या यमुना कृष्णन यांचे घ्यावे लागेल. २००९ साली त्यांच्या गटाने डीएनएचे यंत्र जिवंत पेशीत सोडून तिथल्या आम्लतेचे मोजमाप घेतले. पुढे त्यांनी प्रतिपिंडाच्या तुकड्याला डीएनए धरायला लावून ते यंत्र पेशीतल्या ठरावीक कप्प्यात पोचवले. म्हणजे तिथे प्रथिनाने डीएनएला पत्त्यावर नेले. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश आणि वैजयंती कुमार यांनी पेप्टाइड न्यूक्लिइक अॅसिडवर, म्हणजे डीएनएची अक्षरे पण कणा प्रथिनासारखा, अशा रेणूवर वर्षानुवर्षे मूलभूत काम केले. गणेश पुढे २००६ साली पुण्याच्या आयसर संस्थेचे पहिले संचालक झाले. धाग्याचा कणाच बदलला तर पेशीतली विकरे त्याला सहजी तोडू शकत नाहीत, आणि डीएनए परांचीची सर्वांत मोठी दुखरी नस नेमकी तीच आहे.

कारण मर्यादा लपवून मी तुमचा विश्वास घेणार नाही. रक्तात डीएनए तोडणारी विकरे असतात, मॅग्नेशियम कमी असते, आणि परांची तासाभरात ढिली पडू शकते. औषध म्हणून किलोंनी डीएनए बनवणे आजही महाग आहे. २०१७ साली हेन्ड्रिक डिट्झ यांच्या गटाने जीवाणूंकडूनच सगळे धागे करवून घेण्याची रीत दाखवली, ती वाट आशेची आहे. डीएनए परांचीवर उभी असलेली एकही लस अजून बाजारात आलेली नाही. उलट प्रथिनांचीच परांची करून केलेली कोरोनाची लस २०२२ साली दक्षिण कोरियाने मंजूर केली. म्हणून डीएनए हीच शेवटची परांची, असे मी म्हणणार नाही. पण किती अंतरावर काय ठेवायचे हे आधी शोधून काढण्यासाठी डीएनएइतके नेमके साधन आज दुसरे नाही. गवंडी परांची काढून घेतो, भिंत राहते.

शेतीचे काय, असे तुमच्यातल्या अनेकांच्या मनात असेल. २०१९ साली बर्कलीच्या मार्किटा लँड्री यांच्या गटाने डीएनएच्या लहान रचनांवर जनुक गप्प करणारे आरएनए चढवले आणि ते तंबाखूच्या जातभाईच्या जिवंत पानांत पोचवले. पानाची पेशीभिंत ओलांडणे ही फार कठीण गोष्ट होती, ती झाली. हळद्याच्या कड्याविरुद्ध अशी एखादी परांची कोणी उभारायची असेल, तर ज्या शिवारात ते कडे फिरते आणि ज्या विद्यापीठाला भेंडीची पिढीजात माहिती आहे, तिथल्या मुलांइतका त्यावर हक्क कोणाचा?

या मुला-मुलींना मला एवढेच सांगायचे आहे. ओरिगामी आखण्याचे कॅडनॅनो हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर चालते. पण त्याच्याही आधी चौकटींची वही आणि पेन्सिल घ्या. चार धाग्यांची एक चौफुली काढा, प्रत्येक फाट्यावर आठ-आठ जोड्या. अक्षरे अशी लिहा की धागे ठरलेल्या जोडीदाराशीच जुळतील आणि फुली एक अक्षरही सरकणार नाही. सीमन यांनी हेच कोडे सोडवले होते, आणि ते सोडवायला बारावीपर्यंतचे जीवशास्त्र पुरते. ज्यांना जमेल त्यांनी आणि ज्यांचे अडेल त्यांनीही आपली पाने महिनाभरात संयोजकांकडे आणून द्यावीत. प्रत्येक पान मी स्वतः तपासून परत पाठवीन.